कणगीकडे पाहणारी बाई

दत्तू गेल्याचं मला हळदीच्या पेठेत कळलं. त्याच्या गावचा एक शेतकरी पोती उतरवून घाम पुसत उभा होता. मला पाहून म्हणाला, "पेटीमास्तर, तुमचा दोस्त गेला की. इषमज्वर झालता." आता महिना उलटून गेला, पण दुःखापेक्षा रागच जास्त येतो. असं अर्ध्यावर टाकून जातात का कुणी... मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण दत्तूला गुळमुळीत बोलणं कधी आवडलं नाही.

आमची ओळख मूकपटांच्या दिवसांतली. सांगलीत तंबू लागायचा आणि पडद्याखाली बसून मी पेटी वाजवायचो. दत्तू कोल्हापूरच्या एका कंपनीत होता. त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला रहस्यपट आमच्याच तंबूत लागला. खुनाचा खोटा आळ आलेला एक तरुण चुलतीच्या घरी धान्याच्या कणगीत लपतो. पोलीस घर उलथंपालथं करतात, हात हलवत निघतात, आणि इनामाला हपापलेली चुलती तोंडानं अवाक्षर न काढता फक्त कणगीकडे पाहते. तिचे डोळे वळले की मी पेटी एकदम थांबवायचो. सगळा तंबू चिडीचूप. मग बायका त्या पडद्यावरच्या चुलतीला अशा काही शिव्या घालायच्या, की मागे उभा असलेला दत्तू खूश होऊन मिश्या कुरवाळायचा. ती शांतता त्याची की माझी, यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं भांडलो.

बोलपट आले आणि माझी पेटी तंबूतून घरी आली. दत्तूचंही बस्तान काही नीट बसलं नाही. लढाई संपल्यावर कंपनीच्या शेठजींच्या मनात आलं, तोच रहस्यपट आता बोलका करावा. गोष्ट जुनी, गाणी नवी. दत्तूला ही शेवटचीच संधी होती, हे तो जाणून होता. पार्श्वसंगीतासाठी त्यानं मला बोलावून घेतलं. चुलतीच्या घरातले प्रसंग सोडून बाकी चित्रण झालं, पण शेवटापाशी गाडं अडलं. चुलतीची नजर दाखवायला तो तयार होईना. शेठजी म्हणाले, "अहो, त्या नजरेवर तर चित्रपट चालला. प्रेक्षक तेच आहेत." त्यावर दत्तू म्हणाला, "तेच न्हाईत, शेठ. त्यातलं निम्मं आता सोता कणगीत बसून आल्यात." ते खरंच होतं. बेचाळीसनंतर आमच्या भागात कणग्यांत, वैरणीच्या गंजीत खरी माणसं लपली होती. तरी मी शेठजींच्याच बाजूनं होतो.

एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर मी त्याला चिडून म्हणालो, "नजर काढलीस तर रहस्यपट कसला रं? कीर्तन कर मग." त्यानं तोंड पाण्याकडे वळवलं. मग बोलला ते असं.

त्याचा धाकटा भाऊ शिवा चळवळीत होता आणि पोलिसांना चुकवून स्वतःच्याच घरातल्या कणगीत लपला होता. पोलीस आले. शिवा सापडेना तेव्हा त्यांनी दत्तूला अंगणात पालथा पाडला आणि वेताच्या छडीनं सोलून काढायला सुरुवात केली. दोघा भावांची आई, आक्का, उंबऱ्यात उभी होती. "माझं तोंड मातीत व्हतं, मला काय दिसलं न्हाई, असं तिला वाटतं," दत्तू म्हणाला. "पर मान कलली व्हती माझी. तिनं कणगीकडं बगितलं. माझा मार बगवंना म्हनून बगितलं, गड्या." फौजदारानंही ती नजर टिपली. शिवाला नेलं आणि तुरुंगातच तो तापानं गेला. तेव्हापासून आक्का घरात कुठेही बसल्या तरी कणगीकडे पाठ करून बसत. "मी तिच्याम्होरं कवा चकार शब्द काढला न्हाई. मला ठावं न्हाई, एवढ्याच आधारावर ती जगती हाय. त्यो आधार तुटाय नगं."

मग त्यानं शेवट केला तो आपल्या मनासारखा. चुलतीची त्यानं आई केली. अंगणात थोरल्याला मार पडतोय, आईची मान हळूहळू वर होते, आणि तिची नजर कुठे जायच्या आत कणगीचं झाकण आतून उचललं जातं. धाकटा आपण होऊन बाहेर येतो. त्या तुकड्याला संगीत भरताना दत्तू मला म्हणाला, "आता पेटी थांबवू नगंस." मी वाजवत राहिलो. शेठजींनी तो तुकडा पाहून कपाळाला हात लावला. चित्रपट अजून डब्यातच पडून आहे...

परवा मी आक्कांना भेटायला त्यांच्या गावी गेलो. त्या कणगीला पाठ लावून सुपात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आयुष्यात कधी तंबूत पाऊल टाकलं नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "मास्तर, त्या बोलपटाचा शेवट काय केला वं दत्तूनं? जुन्यात ती चुलती बगती म्हनं."

पोराच्या हातचं शेवटचं काम होतं ते. सांगायचं नाही असं मला सुचलंच नाही. उलट वाटलं, ऐकून या बाईच्या जिवाला थंडावा मिळेल. मी सगळं रंगवून सांगितलं.

आक्कांचा हात ज्वारीतच थांबला. "चुलतीची आई केली व्हय त्यानं?"

"होय, आक्का."

"आन तिला कणगीकडं बगूच दिलं न्हाई?"

"नाही. पोरगंच आधी बाहेर येतं."

आक्का सावकाश म्हणाल्या, "म्हंजी त्याला दिसलं व्हतं."

दत्तूच्या सांगण्यावरून पेटी वाजवत राहिलो होतो, तरी तंबूतली ती शांतता आता मला गाठून बसली होती. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सूप उचललं आणि कणगीकडे तोंड करून पुन्हा निवडायला बसल्या. आता त्यांची पाठ माझ्याकडे होती.