झाल्या गोष्टीचा कौल

बंगळूरला मी ज्या घरी राहते तिथल्या दादांना मानेखाली काही हलवता येत नाही. मोटारसायकलवरून पडले तेव्हापासून. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे माझं काम. दुपारी व्यायामवाल्या बाई गेल्या की गेम खेळणं हेही माझंच काम. म्हणजे खेळायचे दादा, रिमोटवरचे अंगठे माझे.

दादा माझ्याहून लहान, तरी मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला ताई. त्यांच्या आई त्या काकू. मी मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याच्या अलीकडची, नववीतनं शाळा सुटलेली. मला कानडी येत नाही, घरातले मराठीच म्हणून निभतं, इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचते, तरी या घरात मला कुणी कधी उणं बोललं नाही. मला खिडकीची खोली दिली. पण माझा स्वभाव असा की चांगलं चाललंय म्हटलं की आता काय होतंय, अशी वाट बघत बसते.

गेम मारामारीचा नव्हता. गोष्टच होती. खाडीकाठचं परदेशी गाव, मिठागरं, सदानकदा धुकं, आणि दोन बहिणी. गोष्ट मध्येच थांबायची आणि पडद्यावर दोन पर्याय यायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. खाली एक रेघ आटत जायची. ती आटायच्या आत बटण दाबायचं, नाहीतर गप्प राहणं हेच आपलं उत्तर.

हे बघून मला पहिल्याच दिवशी गावदेवीचा कौल आठवला. आमच्याकडे देवीच्या ओल्या दगडावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवतात आणि बघत बसतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. त्यामुळे माझा अंगठा आपोआप उजवीकडे जायचा. दादा म्हणायचे डावं, मी दाबायची उजवं. मग ते म्हणायचे, "ताई, देवीला विचारून झालं असेल तर आता मला विचार." मी रिमोट कपाळाला लावते याचंही त्यांना हसू यायचं.

पहिल्या भागात थोरली बहीण गोष्ट सुरू व्हायच्या आधीच बुडून मेलेली होती. आम्ही होतो धाकटी. काठावर थोरलीचा एक लाल हातमोजा सापडलेला, एवढीच तिची खूण. धाकटी भेटेल त्याला सांगायची की त्या पहाटे मी पडद्याआड उभी होते, ताईची पावलं फाटकाशी जरा थांबली होती. गावात कुणाला ते खरं वाटायचं नाही.

दुसरा भाग आला तो पुढचा नव्हता, आधीचा होता. त्यात थोरली जिवंत. चहा करत होती, शिट्टी वाजवत होती, धाकटीच्या वेण्या घालत होती. आणि आम्ही होतो तीच. आमच्याकडे मेलेलं माणूस जित्याच्या अंगात येतं. इथं उलटं, आम्हीच मेलेल्या बाईच्या अंगात शिरलो होतो. ती हसली की माझ्या मानेवर काटा यायचा. तिला ठाऊक नव्हतं, आम्हाला ठाऊक होतं.

दादा म्हणाले, हिला वाचवायचं.

ते असं का म्हणाले ते घरात सगळ्यांना कळलं. पडले त्या दिवशी पुलावरून जायचं की पुलाखालून, असे दोन रस्ते होते. दादा वरून गेले. खालून गेलो असतो तर, हे ते मी भरवत असताना मला विचारायचे, घास तोंडात असताना. हात परत येणार नाहीत असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी जेवणच टाकलं होतं. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. नळीतनं अन्न द्यायची वेळ आली होती. ती भिंत काकू विसरल्या नव्हत्या, मीही नाही.

तर थोरली बाजारात गेली. थंडी आली होती, हातमोजे घ्यायचे होते. डावीकडे करडे, उजवीकडे लाल. दादा ओरडलेच, डावं. आणि माझ्या अंगठ्यानं उजवं दाबलं.

दादा म्हणाले, काही नाही, मागं जाऊ, पुन्हा निवडू. गेममध्ये तसं करता येतं. मी म्हटलं, "एका कामाला दोनदा कौल लावत नायत, दादा." ते म्हणाले, "हा कौल नाही, हे मशीन आहे. जा मागं."

गेले मागं. करडे घेतले. थोरली करडे हातमोजे घालून धक्क्यावर आली, आणि होडीवाल्याच्या बायकोनं तिच्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी ठेवलं. तुझ्या वाढदिवसाला विणलेत म्हणाली. थोरलीनं कागद सोडला. लाल.

दादांनी टीव्ही बंद करायला सांगितला. संध्याकाळी दोन घास खाल्ले आणि तोंड भिंतीकडे केलं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, मशीन बिघडलंय म्हणून सांग, दुरुस्तीला नेलंय म्हण, शेवट त्याला बघू देऊ नकोस. मी हो म्हटलं. ज्यांचं मीठ खातो त्यांना नाही कसं म्हणणार? पण दुसऱ्या दुपारी दादांनी, "चालू कर," म्हटलं तेव्हा जीभ उचलेना. मी म्हटलं, आधी माझं एक ऐका, मग तुम्ही सांगाल ते करते.

माझा भाऊ टोकावड्याच्या पुढं रस्त्यावरच्या ढाब्यात कामाला होता. एक दिवस नेहमीसारखा निघाला. एसटी चुकली म्हणून घाटाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसला, उतरायच्या जागी उतरला नाही, तसाच पुढं गेला. सोबत्याला घाटात काम होतं म्हणे. वर धुकं होतं. जीप खाली गेली. आईनं अंथरूण धरलं, घर माझ्याकडं आलं, शाळा राहिली ती राहिलीच. वर्षानुवर्षं मी झोपेत ती सकाळ पुन्हा खेळायची. कधी एसटी वेळेवर आणायची, कधी जीपचं चाक पंक्चर करायची. तो तरी पुढच्या स्टॉपवर जाऊन उभाच असायचा, दुसऱ्या जीपची वाट बघत.

आई उठून बसायला लागली तेव्हा गावदेवीला गेली. कौल लावा म्हणाली, तो एसटीनं गेला असता तर वाचला असता का एवढंच विचारा. पुजारीबाबा फुलं हातात घेऊन बराच वेळ बसले. मग त्यांनी फुलं आईच्याच ओटीत टाकली. म्हणाले, "झाल्या गोष्टीचा कौल नसतो, बाय."

दादा वरच्या पंख्याकडे बघत होते. मला वाटलं चुकलंच, आता हे जेवणार नाहीत, काकू मला बस स्टँडवर सोडून येतील. मग त्यांनी विचारलं, भाऊ जाताना काही बोलला होता का?

बोलला होता. मी दारात झाडत होते. चिंचेपर्यंत गेला आणि मागं वळला. वर बोट केलं आणि म्हणाला, "गो, पिलं झाक, घार फिरते." मी कोंबडीची पिलं उपड्या डालग्याखाली घातली. मान वर केली तर तो वळणापलीकडं गेलेला.

"चालू कर," दादा म्हणाले. मी केला.

शेवट लांब नव्हता. थोरलीला होडीनं खाडीपलीकडच्या गावात डॉक्टरला आणायला जायचं होतं, धाकटीला ताप होता. आम्ही जायचं टाळून बघितलं, थांबून बघितलं, दुसऱ्याला पाठवून बघितलं. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची अडचण निघायची आणि लाल हातमोजे तिच्या हातात यायचे. मग ती घराबाहेर पडली, फाटकाशी आली, आणि पडद्यावर दोन पर्याय आले. मीच अक्षरं जुळवली. उजवीकडे, चालत राहा. डावीकडे, वळून बघ.

रेघ आटायला लागली. मी दादांकडं बघितलं तर म्हणाले, "तू दाब."

मी डावं दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता डावं.

ती वळली. घर अंधारात होतं, खिडकीचा पडदा ओढलेला. तिला काही दिसलं नाही. पण पडद्यामागं कोण उभं होतं ते आम्हाला माहीत होतं, पहिल्या भागात आम्हीच तिथं उभे होतो. ती तशीच जराशी थांबली आणि मग धुक्यात गेली. होडीचा आवाज आला. पुढं नुसती नावं वर सरकायला लागली.

दादांचे डोळे मी पुसले, त्यांना पुसता येत नाहीत म्हणून. काकू दारात उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक. माझ्याकडं बघेनात. मी मनात पिशवी भरायला घेतली.

"आई," दादा म्हणाले, "त्या दिवशी निघताना मी मागं बघितलं होतं का?"

काकूंनी खोटं सांगावं असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "नाही. फोनवर बोलत निघालास." मग आत येऊन चादर सारखी करत म्हणाल्या, "मग हेल्मेट विसरलं म्हणून परत आलास, आणि जागेवर का ठेवत नाहीस म्हणून माझ्यावरच ओरडलास."

"मी ओरडलो?"

"तेव्हा मीही म्हटलं, मेल्या, स्वतः ठेव."

दादा हसायला लागले. हसले की त्यांना ठसका लागतो. मी पाठ उचलून धरली, काकूंनी पाणी आणलं, तिघांचीही तारांबळ. त्या गडबडीत काकू मला म्हणाल्या, भात टाक गं, थोडा जास्तच टाक. त्या रात्री ते सगळं जेवले असं नाही. पण तोंड भिंतीकडे गेलं नाही. पुलाच्या रस्त्याचा विषय त्यानंतर निघाला नाही असंही नाही, कधीकधी निघतो. मग ते हेल्मेटाचंही विचारतात, आणि काकू दर वेळी जरा जास्त शिव्या घालून सांगतात.

गेम कपाटात आहे. तो पुन्हा पहिल्यापासून खेळायचं दादांनी काढलं नाही.

इथं आमच्या इमारतीवर दुपारी घारी फिरतात, खूप खाली येतात. कपडे वाळत घालताना सावली अंगावरून गेली की मी अजूनही खाली बघते. गच्चीवर काही नसतं. तरी बादली उपडी करून ठेवते.