कधीच न भरलेला खड्डा

आमच्या आत्याला लोक 'गटारबाई' म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. छोट्या गावांना परवडेल अशी सांडपाण्याची योजना आखायची, अनुदानाचा अर्ज करून द्यायचा, हेच तिचं काम. चाळीस गावांनी तिचं ऐकलं. अडून बसलं ते तिचंच माहेर, कारण तिथले गावप्रमुख तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बाबा.

अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. शाळेच्या वर्गात सगळं गाव जमलं होतं आणि बाबा काही केल्या सही करेनात.

"आमच्या संडासाचा खड्डा वीस वर्षांत एकदाही उपसावा लागला नाही," ते छाती फुगवून म्हणाले. "कशाला हवी ही नसती उठाठेव?"

"दादा, मग वीस वर्षांचं सगळं गेलं कुठे?" आत्याने विचारलं.

बाबा हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

मागच्या बाकावरून आई उठली आणि तिने काचेची बाटली बाबांसमोर ठेवली. आतलं पाणी हिरवट होतं.

"वन्संनी हिरवा रंग आणून दिला होता. आठवड्यापूर्वी आपल्या खड्ड्यात मीच ओतला."

"माझ्या पाठीमागे?" बाबा कडाडले. मग बाटलीकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "आपल्या विहिरीचं आहे हे?"

"नाही," आई म्हणाली. "शाळेच्या विहिरीचं."

बाबांच्या हातात स्टीलचा पेला होता, शाळेतच भरून दिलेला, अर्धा प्यायलेला. तो त्यांनी खाली ठेवला आणि पेन मागितलं.