नेसरीच्या भिंतीवरचं जांभूळ

तवनाप्पा मगदूम आणि मी शुक्रवार पेठेत समोरासमोर राहतो, अगदी चड्डीत फिरायचो तेव्हापासून. तरी त्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकल्याचं मला आठवत नाही. धंद्यानं तो पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, सगळं त्याच्या हातचं. पुढं फ्लेक्स आले आणि धंदा बसला. त्यावरही हा काही बोलला नाही. फ्लेक्सवाल्यांना शिव्या मीच घालत होतो.

पण पाट्या रंगवणं हे त्याचं पोटाचं काम. मनाचं काम वेगळंच होतं. जैनांच्या मंदिरांत एक चित्र असतं. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला काळ्या रंगाचा, तो कुऱ्हाड घेऊन झाड मुळापासून तोडायला निघतो. दुसरा निळा, त्याला मोठ्या फांद्या हव्यात. तिसरा कबुतरी, तो डहाळ्यांवर भागवतो. चौथा पिवळा, तो घोस तोडतो. पाचवा कमळाच्या रंगाचा, तो पिकलेली तेवढीच फळं काढतो. आणि सहावा पांढरा, तो खाली पडलेली जांभळं वेचून खातो. भूक सगळ्यांची सारखीच, मन मात्र वेगवेगळं. तवनाप्पा हे चित्र गावोगाव फुकट काढून द्यायचा. जैन वस्तीच पाहिजे असं काही नाही. शाळा असो, दूध संस्था असो, जो भिंत देईल त्याच्याकडं हा शिडी घेऊन हजर.

कल्पना त्याच्या बायकोची, पद्मावती वहिनींची. "मंदिरातल्या चित्राला रोज तीच माणसं हात जोडतात," त्या म्हणायच्या, "बाहेरच्यांनी कधी बघायचं?" त्यांच्या लेखी हे दान होतं, पूजेइतकंच मोठं. हा शिडीवर चढायचा आणि त्या खाली पोतं अंथरून बायकापोरांना गोष्ट सांगायच्या. गोष्ट संपली की एकेकीला विचारायच्या, "आता खरं सांगा, तुमी ह्यातल्या कुणासारख्या?" मग जो गोंधळ व्हायचा! सासू सुनेला काळा रंग द्यायची, सून सासूला. पांढरा कुणीच घ्यायचं नाही, तेवढी लाज सगळ्यांना असते. कोडोलीत तर सरपंचानं स्वतःहून निळा कबूल केला होता. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर मी जुनी ओम्नी घेतली आणि या नवराबायकोचा ड्रायव्हर झालो. मी काही मोठा भाविक नाही. वहिनींचं बोलणं ऐकायला मिळतं म्हणून जायचो, हे खरं.

गेल्या आषाढात वहिनी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. लेक प्राची पुण्याहून आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडली. तवनाप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. सुतक फिटलं, पाहुणे गेले, प्राचीही गेली. हा सकाळी मंदिरात जाऊन यायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. समोर वाढलं तर खायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

एकदा न राहवून मी विचारलं, "तवना, रडून तरी घे की लेका. काय हुतंय तुला?"

"काय न्हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, लपवतोय. नंतर कळलं, त्याला खरंच काही होत नव्हतं. रडणारा माणूस परवडला, पण या माणसाची मला भीती वाटायला लागली.

दसरा झाल्यावर नेसरीहून फोन आला. तिथल्या बायकांच्या दूध संस्थेच्या चेअरमन बयाबाई. संस्थेची नवी भिंत तयार होती आणि तिच्यावर चित्र काढून द्यायचा शब्द वहिनींनी दिला होता. मी दबकत दबकत तवनाप्पाला सांगितलं. "जाऊया," तो म्हणाला, केस कापायला जाऊया म्हणावं तसा.

गेलो. चित्र त्यानं उत्तम काढलं, हात जराही हलला नाही. पान न् पान कोरल्यासारखं. संध्याकाळचं दूध घालायला आलेल्या बाया किटल्या खाली ठेवून भिंतीपुढं थांबल्या. त्यांना कुणीतरी काहीतरी सांगेल असं वाटत होतं. तवनाप्पानं रॉकेलमध्ये ब्रश धुतले.

"पावणं, ह्ये काय हाय म्हनायचं?" एकीनं विचारलं.

"चित्र हाय," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

मीच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण वहिनींच्या जागी उभं राहून मी काय बोलणार?

दिवाळी होऊन गेली आणि बयाबाईंचा पुन्हा फोन आला. आवाज खणखणीत आणि आनंदी. "पेंटर अप्पास्नी सांगा, द्येव लई कडक हाय! आमी रोज हार घालतोय, अमुशाला नारळ फोडतोय. दुधाला फॅट बी चांगली लागाय लागलीया."

"कुठला देव?" मी विचारलं.

"अवो, त्यो कुराडवाला! काळा, उंच, झाडाच्या बुडाला हुबा. परशुराम असंल न्हायतर दुसरं कोन?"

मी फोन ठेवला आणि आधी हसलो. मग हसू गेलं. सहा जणांतला जो सगळ्यांत वाईट, झाड मुळातून तोडणारा, नेमक्या त्याच्यापुढं गाव नारळ फोडत होतं. वहिनींचं दान उलटं फिरलं होतं. तवनाप्पाला सांगितलं तेव्हा तो उंबऱ्यावरून उठला.

"पुसून टाकतो," तो म्हणाला.

आम्ही चुन्याची बादली घेऊन नेसरी गाठली. काळ्या माणसाच्या डोक्यावर खिळा ठोकून झेंडूचा हार अडकवलेला होता, पायाशी गुलाल आणि नारळाच्या करवंट्या. निळ्याला, पिवळ्याला कुणी विचारत नव्हतं. पांढरा बिचारा कोपऱ्यात, त्याच्यापुढं किटल्या रचलेल्या. तवनाप्पानं बादलीत कुंचा बुडवला तशा बयाबाई पदर खोचून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आमचा द्येव पुसू द्यायची न्हाय. आधी आमाला तोडा."

"त्यो द्येव न्हाय," तवनाप्पा म्हणाला.

"काळा हाय म्हनून? आमचा इठोबा बी काळाच हाय!"

"कातड्याचा रंग न्हाय त्यो. मनाचा हाय."

"मग कोन हाय त्यो? सांगा की! त्या टायमाला तोंड शिवल्यागत गेलासा, आन् आता चुना घिऊन आलासा व्हय?"

मला वाटलं, हा आता बादली तिथंच टाकून गाडीत बसणार. पण त्यानं कुंचा खाली ठेवला. आणि माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा तवनाप्पा मगदूम सलग बोलला. सगळी गोष्ट सांगितली. वाक्यं वहिनींचीच, थांबायच्या जागाही त्यांच्याच. इतकी वर्षं शिडीवर पाठमोरा उभा राहून त्यानं ती अक्षर न् अक्षर ऐकली होती. आवाज मात्र सपाट, स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात तसा. तरी बाया पुढं सरकल्या. काळा माणूस झाडाच्या मुळावर का उठलाय हे कळलं तेव्हा एकीनं जीभ चावली. पांढऱ्यापुढच्या किटल्या कुणीतरी मुकाट्यानं बाजूला केल्या.

शेवटी तो म्हणाला, "आता खरं सांगा. तुमी ह्यातल्या कुणासारख्या?"

कुणी हसलं नाही. बयाबाईंनी खोचलेला पदर सोडून भिंतीवरच्या निळ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी निळी. घरात इचारा कुनाला बी." आणि वळून त्यांनी त्यालाच विचारलं, "आन् तुमी वो अप्पा? तुमी कोन?"

तवनाप्पानं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेकाकडं नीट बघितलं, हरवलेलं माणूस गर्दीत शोधावं तसं. मला वाटलं, पाचवा म्हणेल.

"मी ह्यात न्हाय," तो म्हणाला. "ह्या सगळ्यास्नी भूक तरी हाय. आमची ही गेल्यापास्नं मला भूकच न्हाय."

तो रडत नव्हता. रडत मी होतो. चुन्याची बादली तशीच राहिली. बयाबाईंनी काळ्या माणसाच्या डोक्यावरचा हार काढला, आणि आता तो कुठं ठेवायचा हे न कळून, हातात धरून तशाच तवनाप्पासमोर उभ्या राहिल्या.