उतरवलेलं वजन

सोळाव्या वर्षी माझं वजन त्रेपन्न किलो होतं आणि त्यातला एकेक किलो मी कमावलेला होता. सकाळी भिजवलेले बदाम आणि खसखस वाटून केलेली थंडाई, दोन्ही वेळा तांब्याभर म्हशीचं दूध, भाकरीवर तुपाची धार. पैलवानाच्या या खाण्याला आमच्याकडे खुराक म्हणतात. मुलाच्या खुराकाचं मुळशीत सगळ्यांना कौतुक, पोरीचा खुराक म्हटलं की शेजारच्या बाया हसायच्या, "हिला सासरी कोण येवढं घालनार?" आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना भीक घालायचे नाहीत. आमची बरीचशी जमीन विकून तिथे बंगले झाले होते. उरलेल्या तुकड्यावर गोठा होता आणि गोठ्यात एक म्हैस. ती लेकीसाठी ठेवलीय, असं आबा येईल त्याला सांगायचे. मला त्याचा चांगलाच माज होता.

आदल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्रेपन्न किलोच्या गटात मी शेवटच्या कुस्तीत हरले होते. जिने हरवलं ती वय वाढल्यामुळे मोठ्या मुलींच्यात गेली. म्हणजे यंदा ते वजन माझं होतं. चाचणी जिंकली की राज्याच्या स्पर्धेत जिल्ह्याकडून मी उतरणार. त्या वर्षी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या तालमीच्या वस्तादांची भाची मामाकडे राहायला आली. तीही त्रेपन्न किलोचीच. आता आमच्याकडे एक रीत आहे: एका तालमीतली दोन माणसं बाहेरच्या मैदानात एकमेकांवर उतरत नाहीत. त्यात वस्तादांची शोभा होते. दोघं एकाच वजनात आले तर तालमीतच कुस्ती लावायची आणि जिंकेल त्याने जायचं. सरावात मी तिला उठता बसता चीत करत होते, त्यामुळे मला घोर नव्हता. पण ती कुस्ती लागलीच नाही.

एका संध्याकाळी वस्तादांनी मला आणि आबांना समोर बसवलं. म्हणाले, "तू एकुणपन्नासला खेळ. तितल्या पोरी हलक्या हायेत. तुझा दम बघता तितं तुला कोन अडवनार? सोनंच हाय."

मी आबांकडे पाहिलं. ते आणि वस्ताद तरुणपणी एकाच तालमीत लढलेले. आबा चटईकडे बघत म्हणाले, "वस्ताद सांगत्यात ते आईक."

वस्तादांना उलटं विचारायचं नसतं. डॉक्टरला दोन प्रश्न विचारणारी माणसंसुद्धा वस्तादांपुढे मान खाली घालून 'व्हय' म्हणतात. मीही म्हणाले. त्यांनी माझ्या भल्याचाच विचार केला असणार, या खुशीत मी घरी आले. काय मूर्ख पोर होते मी!

चार किलो उतरवायला वीस दिवस होते. भाकरी बंद, भात बंद, तूप बंद. उकडलेला दुधी, काकडी, अंड्याचं पांढरं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "दूध तरी थोडं घेऊ का?"

"म्हस आटली," आबा म्हणाले.

म्हशी आटतातच. गोठा लांब, धार पहाटे आबाच काढायचे आणि तेव्हा मी पळायला गेलेली असायचे. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. उलट मला बरं वाटलं, घरात दूधच नसलं की त्यावर जीव जाणार नाही.

शेवटचे दोन दिवस पाणीही घोटभरच. स्वेटरवर रेनकोट चढवून मी पौड रस्त्याच्या कडेने धावायचे. भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधली आयटीतली मंडळी हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन निवांत पळत असायची, आणि मी त्यांच्या बाटल्यांकडे बघत थुंकत थुंकत पळायचे, तेवढंच वजन कमी म्हणून. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या महिन्यात पाळी आली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुस्त्या झाल्या की यील," आणि पाठ वळवून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

आज माझं बावधनला आहारसल्ल्याचं छोटं केंद्र आहे. खेळाडू येतात, तसे गुडघे दुखणारे काकाही येतात. मी तेव्हा काय उतरवलं ते आता मला नेमकं सांगता येतं. चरबी उतरवायला माझ्या अंगावर ती होती कुठे? गेलं ते पाणी, स्नायूंत साठलेली साखर आणि थोडे स्नायूच. म्हणजे लढायला जे लागतं तेवढंच मी वेचून वेचून बाहेर काढलं होतं. काटा खाली गेला की माणूस हलका झाला असं वाटतं. तो रिकामा झाला हे काटा दाखवत नाही.

चाचणीच्या सकाळी वजन भरलं एकोणपन्नास. वस्तादांनी पाठीवर थाप मारली. मी भिंतीला टेकून केळं खायला बसले, पण घास गिळवत नव्हता. शेजारी वस्तादांची भाची येऊन बसली. तिचंही वजन झालं होतं, त्रेपन्नमध्ये. तिने पिशवीतून स्टीलची किटली काढली आणि झाकण उघडून दूध पिऊ लागली. झाकण आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं होतं. त्यावर माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं, तिच्या माहेरच्यांनी लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर आहे तसं.

मी विचारलं, "ही किटली कुठली?"

"तुमचीच की," ती म्हणाली. "आबा रोज सकाळी दूध आनून देत्यात. तुला ठावं न्हाई व्हय?"

तिच्या तोंडावर पांढरी मिशी उमटली होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. तिला शिव्या द्यायलासुद्धा मला जागा उरली नाही.

माझी कुस्ती तासाभराने लागली. मनाने खचले म्हणून हरले, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण तसं नाही झालं. राग इतका होता की पहिल्या फेरीत मी समोरच्या पोरीला दोनदा चटईबाहेर लोटलं. दुसऱ्या फेरीत डाव्या पोटरीत पेटका आला, मग उजव्या. पाय माझे राहिलेच नाहीत. तिने मला ढकलताच मी पाठीवर गेले. छताकडे बघत पडले असताना शिट्टी वाजली. संध्याकाळी वस्तादांची भाची त्रेपन्नमध्ये जिंकली आणि आबांनी तिला गुलाल लावला. मग माझ्याकडे आले आणि उरलेली चिमूट माझ्याही कपाळाला लावली. मी ती तिथल्या तिथे पुसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळायला न जाता गोठ्यात गेले. आबा धार काढत होते. बादली फेसाने भरली होती.

"म्हस आटली व्हती ना?"

आबांचे हात थांबले. खोटं बोलले नाहीत, एवढं म्हणायला हवं. "वस्तादाला शब्द दिला व्हता. त्याची भाची आल्या आल्या हरली असती तर त्याची काय इज्जत राहिली असती? दोगींत कुस्ती लावली असती तर तूच जितली असतीस. मला ठावं हाय."

"मग मला इचारायचं तरी."

"तुला काय इचारायचं?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तू घरचीच हायेस की."

कुंपणच शेत खातं म्हणतात. पण खाताना शेताला विचारायचं असतं हे कुंपणाच्या मनातही येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी तालीम सोडली. आईने किटली पुन्हा माझ्यासाठी भरायला सुरुवात केली, मी तिला हात लावला नाही. कितीतरी महिने घरी वाढलेल्या ताटाकडे बघून मला पहिला विचार यायचा, यात काय कमी केलंय?

गेल्या वर्षी आबांना साखर निघाली. डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या आणि खाण्याचं म्हणाले, घरातच जाणकार आहे, तिलाच विचारा. मी त्यांना कागद लिहून दिला: भात किती, भाकरी किती, चहा कसा, संध्याकाळी काय. असा तक्ता मोडायला माणसं सतरा कारणं शोधतात, हे मी रोज बघते. आबांनी एकही शोधलं नाही. भाच्याच्या लग्नात पंगतीत जिलबी आली तर पानावर हात आडवा धरला.

वाढणारा म्हणाला, "आबा, यकानं काय हुतंय? कागदावर समदं खरंच असतंय व्हय?"

मी समोरच्याच ओळीत बसले होते. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरीनं लिवलंय," ते म्हणाले. "ती कशाला मला खोटं सांगंल?"