बोरी वन, बोरी टू

आमची कंपनी तवा काश्मीरात होती, वरच्या बर्फाच्या पोस्टवर. म्या हवालदार. शाळा सातवीपर्यंतच, पण प्लाटूनमधी सगळ्यात जुना, म्हणून पोरं ऐकायची. त्यातली दोन आमच्या जिल्ह्यातली. शिपाई विलास जाधव आणि शिपाई दत्तू माने. गाव विचारलं तर दोघांचं एकच, बोरी.

बाहेरच्या माणसाला हे समजत न्हाय. आमच्याकडं बोरीला तोटा न्हाय. नळदुर्गाच्या किल्ल्याला लागून वाहती ती बोरी नदी. पूल बोरीचा, मळा बोरीचा, मारुती बोरीचा. जिथं बोराचं झाड दिसलं तिथं म्हाताऱ्यांनी तेच नाव ठेवलं आणि मोकळे झाले. गावं तर दोन. दोन्हीकडली माणसं आपल्या गावाला नुसतं बोरी म्हणत्यात आणि दुसऱ्याच्या गावाला "तिकडली बोरी".

सुभेदार साब साताऱ्याचे. ते म्हणायचे, "एकाच झाडाची दोन बोरं आली का रे माझ्या नशिबी?"

विलास म्हणायचा, "साब, माझी बोरी गोड. ह्याची किडकी."

"किडकंच बोर गोड लागतं, साब. पाखराला विचारा," दत्तू म्हणायचा.

मग साबनीच वायरलेसवर नावं पाडली. विलास बोरी वन, दत्तू बोरी टू.

त्या दिवशी सकाळी आठला दत्तूची पेट्रोल पार्टी गस्तीला निघाली. रोजचीच वाट. दहाच्या सुमाराला वरून बर्फ सुटलं. आवाज आमच्या पोस्टपर्यंत आला. म्या सेट हातात घेतला.

"बोरी टू, बोरी टू, रिपोर्ट. ओव्हर."

नुसती खरखर.

"बोरी टू, कम इन. ओव्हर."

तिघं जिते निघाले. दत्तू दुपारी सापडला. विलासनं हातानं उकरून काढला त्याला, फावडं लागंल म्हणून फावडं वापरू दिलं न्हाय.

विलासला गड्यासंगं गावी जायचं होतं. पोस्टवर माणूस कमी, त्याला सुट्टी मिळाली न्हाय. कंपनी कमांडरनी मला बोलावलं. "हवालदार, तुमचाच जिल्हा. मुलाला घरी पोचवा."

"जी साब."

निघताना विलास म्हणाला, "उस्ताद, त्याच्या मायला सांगा, निजल्यावानी दिसत हुता. आन् अंधार करू नका. दिवस हाय तवर पोचवा. तिला तोंड नीट दिसू द्या."

म्या व्हय म्हणालो.

पुण्यापर्यंत विमान, पुढं फौजी ट्रक. कागदावर होतं, गाव बोरी, तालुका उमरगा. दत्तू भरती झाला तवा त्याचं गाव उमरग्यातच होतं. मागनं लोहारा तालुका निराळा झाला आणि गाव तिकडं गेलं. दुसरी बोरी उमरग्यातच राहिली. म्या मुरुमचा माणूस, मला हे माहीत होतं. ध्यानात आलं न्हाय. हायवेवर चहाच्या टपरीला ड्रायव्हरनं विचारलं, "बोरीतल्या फौजीचं घर?" टपरीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि रस्ता दाखवला. शाळेच्या मागं, कडुनिंबाचं घर. त्याचंबी चुकलं न्हाय. त्या बोरीत फौजी एकच होता.

विलास.

दुपारी तीनला ट्रक त्या दारात उभा राहिला. कुणी काय विचारलं न्हाय. तिरंगा दिसला की गावाला विचारावं लागत न्हाय. विलासची आई, पारूबाई, घरातून धावत आली आणि पेटीवर पडली. तिच्या मागं तिची नवी सून, विलासची बायको. बायकांनी तिला धरलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हे सगळं म्या ट्रकच्या फळीवरून उतरतो तवरच झालं.

पारूबाई पेटीला म्हणत होती, "विलास, ऊठ रं. ईलू, ऊठ रं माझ्या राजा."

तवा मला कळलं. म्या खाली उडी मारली आणि तिचा दंड धरला.

"बाई, ह्यो विलास न्हाय! तुमचा विलास जिता हाय. परवाच बोललो म्या त्याच्यासंगं!"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. म्या हसत होतो. खोटं कशाला सांगू, तोंडभर हसत होतो. एक हात पेटीवर टेकलेला आणि म्या हसतोय.

गावानं एकदम श्वास सोडला. पोरं वरडली. म्हाताऱ्या मारुतीला हात जोडू लागल्या. कुणी आतून कुंकवाचा करंडा आणला, सुनेच्या कपाळाला परत लावलं, ती रडता रडता हसाय लागली. एका म्हाताऱ्यानं गुळाची ढेप फोडली आणि खडे वाटत फिरला. "घ्या हवालदार, तोंड गोड करा. लई मोठी खबर आणली तुमी."

म्या तो गूळ खाल्ला.

दत्तू माझ्यापासनं एका हातावर होता.

पहिल्यांदा गप झाली ती पारूबाईच. ती पेटीजवळ परत आली. आपल्या आसवांचा ओला डाग झेंड्यावर पडला होता तिथं तिनं पदर फिरवला.

"मग ह्याची माय कुठं हाय?" तिनं विचारलं.

गूळ वाटणारा म्हातारा जागीच थांबला.

"तिकडल्या बोरीत," म्या म्हणालो.

"वाट बघत आसंल की वो ती. चला. म्या येते."

"आवो आत्याबाई, तुमी कशाला?" सून म्हणाली.

"म्या ह्याला विलास म्हणून रडले. आता ह्याला एकल्याला कसं धाडू?"

ती ट्रकमधी पेटीच्या उशाला बसली. सास्तूर गावाच्या अंगानं आडवाटेनं गेलो. खड्ड्यांचा रस्ता, ट्रकला पळवता येईना. म्या सारखा मावळतीकडं बघत होतो. खड्डा आला की पारूबाई पेटी दोन्ही हातांनी धरायची.

पोचलो तवा दिवस बुडाला होता. त्या बोरीत सकाळपासनं चूल पेटली नव्हती. रस्त्यावर सडा मारला होता, तो वाळून परत धूळ झाली होती. दत्तूच्या आईला ट्रॅक्टरच्या उजेडात तोंड दाखवलं. विलासचा निरोप म्या सांगितला. तिनं दत्तूच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "इतका येळ का झाला वो?"

"टायर पंक्चर झालं, माय," म्या म्हणालो.

पारूबाई माझ्याशेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. मग सलामी झाली. म्या सॅल्यूट मारला तवा बोटं चिकट होती.

हे म्या फक्त बायकोला सांगितलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "गूळ गिळलात का तोंडातच धरला?" गिळला म्हणालो.

बायको औंदा गेली. उमरग्याच्या दवाखान्यात. डॉक्टर मला सांगून गेले आणि म्या बाकड्यावर बसलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्याच टायमाला नात झाली होती. त्यांचा पोरगा पेढे वाटत आला, त्याला काय माहीत. माझ्या हातावरबी पेढा ठेवला. "घ्या बाबा, लक्ष्मी आली." त्याचं तोंड बघितलं. तसाच हसत होता, जसा म्या त्या दिवशी.

तेराव्यानंतर म्या दत्तूच्या आईकडं गेलो. लई थकली हाय, डोळ्यानं कमी दिसतं. पारूबाई जाऊन वरसं झाली. ती होती तवर दोघी एकमेकीकडं यायच्या जायच्या, बहिणीवानी. म्या म्हातारीपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. हसलो ते, गूळ खाल्ला तो.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला ठावं हाय. पारूनं त्याच राती सांगितलं."

"गुळाचंबी?"

"गुळाचंबी. त्याचं मला काय न्हाय. तिचं लेकरू जितं होतं, गोड व्हायलाच पायजे." मग माझ्याकडं तोंड वळवलं. "पर तुमी मला पंक्चर म्हणालात. पारू अडाणी बाई, ती खरं बोलली. तुमी फौजी, माझ्या लेकाचे वस्ताद, त्याच्या मढ्यापुढं मला खोटं सांगितलं. ते मातर मला आजबी लागतंय."

चहा आला, तो पिलो न्हाय.

म्हणून हे लिहिलं. उशीर पंक्चरनं झाला न्हाय. आमी चुकीच्या दारात होतो, आणि तिथं आनंद चालला होता, आणि म्या त्यात होतो.

बोरी टू. शिपाई दत्तू माने. गाव बोरी, तालुका लोहारा. लोहारा.