उषाबाईंचा बिनसाखरेचा चहा

बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर राहणाऱ्या उषाबाईंकडे एकूण अठ्ठावन्न डायऱ्या आहेत. लोखंडी कपाटात, वर्षांच्या क्रमाने, पाठीवर चिठ्ठी चिकटवून. दूधवाला किती वाजता आला, वीज किती वेळ गेली, पाहुण्यांनी पोळ्या किती खाल्ल्या, सगळं त्यांत सापडतं. शेजारच्या कांताबाईंचं नळावरून भांडण झालं की मागची तारीख बघायला त्या इथेच येतात.

ही सवय लावली जालन्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टांनी. दर शनिवारी त्या मुलींच्या डायऱ्या लाल शाईने तपासत. समास बरोबर एक इंच. खाडाखोड दिसली की पान पुन्हा. आठवीतल्या उषाला तो लाल रंग इतका आवडला, की मोठेपणी काय व्हायचं हे तिने त्याच वर्षी ठरवलं. तिला चुका काढायच्या होत्या.

लग्न होऊन त्या कुंभार पिंपळगावला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाल्या, "कृपया मला पाणी मिळेल का?" सासूबाईंनी हाताने घागर दाखवली. पुढची दहा वर्षं गावातल्या बायका विहिरीवर एकमेकींना 'कृपया' म्हणून हसत राहिल्या. उषाबाईंना वाटायचं, बायका सुधारल्या.

पुढे नवरा धर्मराज बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात लागला आणि दोघं इथे राहायला आले. रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं हे त्याचं एक काम. तो आकडा उषाबाई डायरीत उतरवून घेत. एकदा तो सहज पानं चाळत म्हणाला, "उषा, पाऊस किती पडला ते कळतं बिलकुल बराबर. भिजलं कोण ते काही कळत न्हाई." उषाबाईंनी त्या दिवशी लिहिलं : 'ह्यांनी डायरी वाचली. पाऊस ६.४ मिमी.'

धर्मराज जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आदिनाथ आणि सून शीतल पुण्यात. डॉक्टरांनी उषाबाईंची साखर बंद केली, आणि आदिनाथ रोज फोन करून डायरीतलं वाचून दाखवायला सांगू लागला. 'चहा दोन वेळा, बिनसाखरेचा.' आईच्या डायरीवर त्याचा रक्ताच्या तपासणीपेक्षा जास्त विश्वास.

दोन वर्षांपूर्वी डायऱ्यांचं ऐकून शाळेतले संपत सर दोन मुली घेऊन आले. पायल सहावीत होती, अक्षता पाचवीत.

"बाई, ह्या दोघींचं काय करू सांगा," सर म्हणाले. "वर्गात बावन्न पोरं. मी गाइडातला निबंध फळ्यावर लिहून देतो. ह्या दोघी माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणून दाखवतात. ह्यांना लिहायचं शिकवणारं कोणी तरी पाहिजे."

उषाबाईंनी त्या दिवशी दोन नवी लाल पेनं आणली.

रोज पाच वाजता वर्ग. अंगणात सतरंजी, मुलींना पोहे, बाईंना चहा. हाक 'बाई' अशीच मारायची. 'आज्जी' म्हटलेलं चालणार नाही. जालन्याला दर उन्हाळ्यात एक लेखन शिबिर भरतं, फक्त सहावी-सातवीच्या मुलांसाठी. जिल्ह्यातून वीस मुलं घेतात, दहा दिवस लेखक मंडळी त्यांच्याबरोबर बसतात. निवड एकाच लेखावर. पायलला तिथे पाठवायचंच, असं उषाबाईंनी ठरवलं, आणि पायल सातवीत गेल्यावर तिचा लेख हाती घेतला.

विषय होता घरातली एक वस्तू. पायलने लिहिलं होतं : 'आमच्या दाराला कडी न्हाई म्हणून माय आतून दगड लावती. बाबा उशिरा आले की आधी दगडाशी बोलतात.' उषाबाईंनी तीन दिवस मेहनत घेतली. लेख गेला तेव्हा त्यात 'आमच्या गृहाचे द्वार कडीविरहित असल्याने माता तेथे पाषाण ठेवते' असं वाक्य होतं. बाबा दगडाशी बोलतात हे त्यांनी अशक्य म्हणून काढून टाकलं होतं.

उत्तर आलं : 'लेखन शुद्ध आहे. परंतु ते तेरा वर्षांच्या मुलीचे वाटत नाही.' पहिल्या वाक्याने उषाबाई इतक्या खूश झाल्या, की दुसरं वाक्य त्यांना चहा झाल्यावर समजलं.

पायल आता आठवीत गेली होती. तिची संधी गेली ती गेलीच. दोन महिने ती आली नाही. मग एक दिवस आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "मी लिहिणार न्हाई बाई. अक्षतासाठी आले." उषाबाईंनी दोन्ही लाल पेनं तिच्यापुढे धरली.

"ही तू ठेव."

"कशाला?"

"माझ्याजवळ राहिली तर मी अक्षताचाही पाषाण करीन."

पायलने पेनं दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली. त्यानंतर पाच वाजले की उषाबाईंचा उजवा हात अस्वस्थ व्हायचा.

"पायल, एकच मिनिट दे ग. एकच वेलांटी."

"न्हाई बाई."

"अगं, डोळ्यांना टोचतेय ती."

"मंग डोळे मिटा."

यंदा शिबिराच्या फॉर्मवर एक नवी ओळ होती. मार्गदर्शकाने सही करून द्यायचं : 'या लेखातील एकही शब्द मी बदललेला नाही.' ही ओळ आपल्यामुळेच आली, याबद्दल उषाबाईंची खात्री होती. विषय होता 'मी रोज पाहते असा एक माणूस'. अक्षताचे वडील राजानंद रिक्षा चालवतात, बदनापूर ते जालना. ती त्यांच्यावरच लिहील असं सगळ्यांना वाटलं होतं.

"बाबांवर लिहून राह्यली का ग?" उषाबाईंनी विचारलं. मुलींच्या संगतीने त्यांच्याही तोंडात कधी कधी असं काही येऊ लागलं होतं.

"न्हाई. तुमच्यावर."

उषाबाईंनी पदर सारखा केला. त्या रात्री डायरीत लिहिलं : 'अ.ने विषय निवडला. निवड योग्य.'

शुक्रवारी अक्षता लेख आणि फॉर्म ठेवून गेली. शनिवारी दुपारी टपाल निघायचं होतं. उषाबाईंनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचायला घेतलं, सत्काराचं भाषण ऐकावं तसं.

'आमच्या बाई चूक शोधताना ओठ हलवतात. चूक न्हाई सापडली तर त्यांना करमत न्हाई. बाईंना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. त्या चहा बिनसाखरेचा करतात. मग आम्ही खाली मान घालून लिहितो तेव्हा बोट ओलं करून डब्यातल्या साखरेत बुडवतात आणि चाटतात. मंगळवारी तीनदा. मग डायरीत लिहितात, बिनसाखरेचा चहा. चहा खरंच बिनसाखरेचा असतो.'

उषाबाईंचे कान तापले. निवडलेले लेख शाळेत परिपाठाला वाचून दाखवतात. म्हणजे संपत सर ऐकणार, कांताबाईंची नातवंडं ऐकणार, तासाभरात नळावर पोचणार.

त्यांनी कपाटातून चालू डायरी काढली. मंगळवार. 'चहा ५.१०, बिनसाखरेचा.' क्षणभर त्यांना मोठा आनंद झाला. लेखी पुरावा! पोरगी खोटं लिहिते आहे! त्या पुराव्यावर बोट ठेवून बसल्या असताना त्यांना दिसलं, की नखाच्या कडेला साखरेचे दोन कण आहेत. आजचे.

सिस्टर बेनेडिक्टा जाऊन तीस वर्षं झाली होती. तरी शनिवारी त्या वही तपासणार या हिशेबाने उषाबाई अजून लिहीत होत्या.

त्यांनी पुढे वाचलं.

'ओसरीत साहेबांची खुर्ची आहे. साहेब वारले. बाई ती रोज पुसतात. कोणी बसत न्हाई. एकदा मी तिच्यावर दप्तर ठेवलं. बाई काही बोलल्या न्हाई. मी दप्तर उचलल्यावर त्यांनी पुन्हा पुसली, पण दप्तराची जागा सोडून.'

हे काही डायरीत नव्हतं. उषाबाईंनी शोधलंही नाही.

लेखात 'न्हाई' पाच ठिकाणी होतं. तीन वेलांट्या चुकल्या होत्या. समास वाकडा. पण खरी अडचण साखरेचीच होती. ती चार-पाच वाक्यं गेली तर लेखाचं काय बिघडणार? खुर्ची तर राहील. खुर्चीने बाईंची शान वाढते.

शनिवारी सकाळी दोघी आल्या.

"अक्षता, साखरेचं तेवढं काढतेस का?" उषाबाईंनी शक्य तितक्या सहज विचारलं. "तूच काढलंस तर मी बदललं असं होत नाही."

अक्षताने लेख हातात घेतला. खालपर्यंत बघितलं. "काढते," ती म्हणाली. "पण मंग खुर्चीपण काढावी लागंल."

"का?"

"साखर काढली तर वाचणाऱ्याला वाटंल, मी तुमचं फक्त चांगलंच लिहून राह्यले. मंग खुर्चीपण खरी न्हाई वाटणार."

अठ्ठावन्न वर्षं लिहून जे उषाबाईंना सुचलं नव्हतं, ते ही सातवीतली पोरगी पोह्यातले दाणे वेचून खाता खाता सांगत होती.

पायल म्हणाली, "बाई, लाल पेन देऊ का?" चेहरा अगदी साधा ठेवून.

"आगाऊ कुठली. निळं दे."

त्यांनी सही केली. सही करताना एक वेलांटी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला. मग तिघी राजानंदच्या रिक्षात बसून टपाल कचेरीत गेल्या, आणि पाकीट खिडकीतून आत जाईपर्यंत पायलने बाईंचा हात सोडला नाही.

मार्चमध्ये यादी आली. अक्षताचं नाव चौथं. परिपाठात लेख वाचला गेला, कुणीतरी मोबाइलवर घेतला, आणि दुपारच्या आत तो पुण्यात पोचला. नळावर बायका आता एकमेकींना बोट चाटून दाखवतात. उषाबाईंना ही गोष्ट ओळखीची वाटली.

संध्याकाळी पाचला फोन वाजला. मुली सतरंजीवर लिहीत होत्या. पायलसुद्धा; लेख नव्हे, म्हणे असंच काहीतरी, दगडाचं. बाईंना ती दाखवत नव्हती, आणि बाई मागत नव्हत्या.

"आई," आदिनाथ ओरडला, "हे साखरेचं खरंय का?"

"थांब, बघून सांगते."

"अगं, डायरीत काय बघतेस! डायरीत तर रोज बिनसाखरेचा लिहिलेलं असतं!"

"डायरीत नाही रे बघत," उषाबाई म्हणाल्या आणि फोन कानापासून दूर धरला. "अक्षता, आज किती वेळा ग?"

अक्षताने वहीतून मान वर केली नाही. "दोनदा बाई."

"दोनदा," उषाबाईंनी आदिनाथला सांगितलं.