आकाशातली लिफ्ट आणि आमचे भावोजी

ताईचा फोन आला तेव्हा मी मालवणला कचेरीत होतो. ती रडत नव्हती. "रवी, हे गेले रे," म्हणाली आणि थोडं थांबून, "गाडी हळू चालव," असंही म्हणाली. कट्ट्याचा बाजार मागे टाकून गावात पोचलो, तर माणसं अंगणात नव्हती, रस्त्यावर उभी होती. आमच्याकडे कोणी गेलं की शेजारी न विचारता घरात शिरतात आणि कामाला लागतात. कोणी लाकडं काढतो, कोणी नातेवाइकांना फोन करतो, कोणी चुलीवर चहाचं आधण ठेवतं. त्या दिवशीही गावानं सगळं केलं, कशाला कमी पडू दिलं नाही. पण प्रत्येक गोष्ट विचारून केली. "लाकडां मागच्या पडवीतली घेव काय?" "कळशी खंयची न्हेव?" परक्याच्या घरात विचारतात तसं. ताई प्रत्येकाला हो म्हणत होती. मी खांबाला टेकून ते ऐकत होतो, आणि हे गाव या घराला असं परकं कोणामुळे झालं ते तिथे जमलेल्यांत फक्त मला माहीत होतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर टपाल खात्यात होते, म्हणून गाव त्यांना पोस्टमास्तर म्हणे. ताईला सासर गावातच मिळालं, खालच्या वाडीतून ती वरच्या वाडीत गेली एवढंच. त्यामुळे मी लहानपणापासून त्यांच्या घरी पडीक. मी अबोल, ते गजालीवाले. मी एक वाक्य बोलेपर्यंत त्यांची तीन बोलून होत. "रवी, तुजा तोंड सरकारी हा, सुट्टेच्या दिवशी बंद," असं म्हणून ते माझ्या पाठीत थाप मारायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयात बसायला सुरुवात केली. पेपर वाचायचे, आणि वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

अशाच एका पेपरात त्यांना ती लिफ्ट सापडली. जमिनीपासून थेट अवकाशात जाणारी. परदेशात कोणी ती बांधायचं म्हणतंय, कोणी ती अशक्य म्हणतंय, कोणी म्हणतंय झालीच तर ती श्रीमंत देशांची होईल आणि बाकीच्यांनी खालून बघत बसायचं. आठवडाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ताई वैतागून म्हणाली, "आधी आपल्या माडार चढूक माणूस मिळना नाय, तां बगा." शेवटी वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानांत एक दिवस त्यांनाच द्यावा असं ठरलं. मी तेव्हा वाचनालयाचा सहकार्यवाह. अध्यक्ष आजारी पडले आणि आभार मानायचं काम माझ्यावर आलं.

ते व्याख्यान देवळाच्या सभामंडपात झालं. भावोजींनी काथ्याच्या दोरीला सोललेला नारळ बांधून गरागरा फिरवला, पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळून खाली वाकल्या. "बघा, दोर ताठ कशानं राहिला? टोकाला फिरणाऱ्या नारळानं," ते म्हणाले. लिफ्टचा दोर असाच. तो मनोऱ्यासारखा खालून उभा राहत नाही, वरून ताणलेला असतो. त्याचं खालचं टोक विषुववृत्तावर, भर समुद्रात कुठेतरी, आणि वरचं पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या वजनाला. एवढा लांब आणि एवढा बळकट धागा अजून कोणी केलेला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि स्वच्छ सांगितलं की आपण विषुववृत्तापासून फार लांब, आपल्याकडे ती कधीच येणार नाही.

मग प्रश्न सुरू झाले, आणि आमचं गाव किती छान भांडतं ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. मालवणच्या बंदरावर होडी असलेला एक पाहुणा उठला. "समुद्रात खुंटो मारतले म्हणजे थंयचो मासो आमका बंद. पयला तां सांगा." दुसरा म्हणाला, "दोर तुटलो तर पडतलो कोणाच्या डोक्यार?" एक म्हातारी बसल्या जागेवरून ओरडली, "आणि वर जावन करतलो काय तो मनीस?" कोणीतरी म्हणालं, "कट्ट्याची एस्टी येळार येना नाय, आणि ह्यांची लिफ्ट आकाशात!" मंडप हसला. भावोजीही हसले, मग हात वर करून शांत उभे राहिले. त्यांचं ते बोलणं मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "प्रकल्प यायच्या आधी वाद झालेला आपण कोणी बघितलाय का? आपल्याकडे आधी मोजणीवाले येतात, मग आपण भांडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. ही लिफ्ट आपल्यापैकी कोणी बघणार नाही. म्हणून तर आज तिच्याबद्दल कोणाचा राग न धरता भांडता येईल. कोणाची असेल, कोण वर जाईल, कोणाचा समुद्र जाईल... हे आधी बोलायची सवय तरी लावून घेऊ."

मग मी आभार मानायला उठलो. हातात हार, शेजारी भावोजी. मला सभेत बोलता येत नाही, आयुष्यात कधी आलं नाही. पण मंडपाला हसायची लहर आलेली होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "भावोजींनी दोर वरसून सोडलोच, तर खालचो खुंटो मारूक आपलो सडो मोकळोच आसा. सातबाऱ्याचा मी बगतंय!" गावामागचा तो कातळाचा सडा, आणि मी महसूल कचेरीतला माणूस. हशा पिकला. माझ्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदाच हसली होती. खरं सांगतो, घरी जाताना मी तेच वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणत होतो.

चार दिवसांत फोनवरून निरोप फिरू लागले. व्याख्यानात सांगितलं की सड्यावर काहीतरी प्रकल्प येणार. मास्तर म्हणाले की जागा बघून ठेवलीय, मेहुणा कचेरीत आहे, कागदांचं तो बघेल. ज्यांनी व्याख्यान ऐकलंच नव्हतं त्यांनी हे पुढे पाठवलं, आणि ऐकलेल्यांनाही हळूहळू तसंच आठवू लागलं. आजूबाजूच्या गावांत काय काय येऊन गेलंय, काय काय येऊ घातलंय, ते सगळ्यांना ठाऊक. माणसं घाबरलेली होती, त्यांना हसणं सोपं नव्हतं. सडा वाचवण्यासाठी समिती झाली. भिंतींवर घोषणा आल्या. भावोजी दारोदार जाऊन सांगत होते, "अरे, विषुववृत्त म्हटलंय मी, विषुववृत्त!" पण दलाल ठरलेल्या माणसाचा भूगोल कोण ऐकतो?

कचेरीत साहेबांनी मला बोलावलं. सरकारी नोकरानं जमिनीबद्दल अशी विधानं करायची नसतात, चौकशी लागेल, तुम्ही असं काही बोललात का, असं विचारलं. मी म्हणालो, "नाही साहेब. आमचे भावोजी गमतीनं काही बोलले असतील." एवढंच. समितीची माणसं घरी आली तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. आणि ते सगळ्यांना पटलं, कारण मी कमी बोलणारा. "रवी फुकटचा बोलूचो नाय," असं ते आपसात म्हणत गेले. अबोल माणसाचं खोटं किती सहज खपतं...

नंतर मी भावोजींकडे गेलो. ते विहिरीवर रहाटाला तेल देत होते. मी सुरुवात केली, पण त्यांनी पुरं होऊच दिलं नाही. "सायबान इचारल्यान?" मी मान हलवली. "मग बरा केलंस. माका पेन्शन आसा, ती कोण बंद करूचो नाय. तुका अजून नोकरी करूची आसा." तेल लागलेला हात पंच्याला पुसत ते पुढे म्हणाले, "चार महिने जावंदे. लिफ्ट येवची नाय, तेवा लोकांका आपसूक कळतला." मला त्या वेळी शरम वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. मी ताईच्या हातचा चहा प्यायलो आणि घरी आलो.

लिफ्ट आली नाही. समितीही कधी विरली ते कळलं नाही, घोषणा पावसानं धुतल्या. पण भजनी मंडळानं भावोजींना बोलावणं बंद केलं होतं ते पुन्हा सुरू झालं नाही. सप्ताहात त्यांच्या घराकडे असलेला भजनाचा पहारा दुसऱ्याकडे गेला तो गेलाच. त्यांच्यावर कोणी तोंडावर आरोप केला नव्हता, मग माफी तरी कोण मागणार? वाचनालयात ते जाईनासे झाले. वाचलेलं सांगायला माणूस नाही म्हटल्यावर वाचणंही सुटलं. असा बोलका माणूस, हळूहळू माझ्यापेक्षा अबोल झाला. मी दर रविवारी जायचो, आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. वर्षं गेली. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज देवळात जाऊन सांगून टाकावं, आणि प्रत्येक रविवारी मी चहा पिऊन परत यायचो. चौकशीची भीती कधीच संपली होती. उरली होती ती फक्त सवय.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ताईजवळ बसलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. ती तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "एक मस्करी केल्यांनी आणि जलमभर भोगल्यांनी. माका तेवाच सांगितल्यांनी, 'ती माजीच चूक, तोंडातसून सुटला.' मी किती भांडलंय तेंच्याशी..."

म्हणजे त्यांनी तिलाही खरं सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. हार, हशा, साहेब, समिती, रहाटाजवळचं बोलणं. हे सगळं पेपरात लिहून टाकतो, असंही म्हणालो. तिचे हात सुपात थांबले. तिनं विचारलं, "तेंका म्हायत होता?"

"शेजारीच उभे होते ताई. माझ्या हातातला हार त्यांच्यासाठीच होता."

"म्हणजे माका म्हायेर रवाक व्हया म्हणान गप रवले," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून, माझ्याकडे न बघता, "मी तेंका बोललंय तां आता परत कसा घेव?" असं म्हणून ती रडली. ते गेले त्या दिवशी रडली नव्हती ती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तिनं तो बाजूला केला. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "पेपरात लिवतलंस तर लिव. पण आधी देवळात जावन सांग. थंय सगळे आसतत."

गेलो. आरतीनंतर मंडळी बसली होती, तिथं उभा राहिलो आणि सांगितलं. आयुष्यातलं माझं दुसरं भाषण. कोणी हसलं नाही. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, आता पुरते थकलेले तात्या, कानामागे हात धरून म्हणाले, "खयची लिफ्ट?" कोणीतरी त्यांना आठवण करून दिली. "हां हां, ती होय! अरे, तेका किती वर्सां झाली. तेचो राग कोण धरून बसलो हा?"

"मग त्यांच्या घरी कोणी का जात नव्हतं, तात्यानू?"

तात्या म्हणाले, "आमी जाव नाय? तोच आमच्यार रागान होतो मरे. रस्त्याक पाठ करून बसा, खुर्ची फिरवून. जाणाऱ्या माणसाचा त्वांड बगूक नको म्हणान. मग हाक तरी कशी मारतलो?"

ते खरं होतं. पूर्वी ओटीवरची त्यांची लाकडी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायला. मग कधीतरी ती काजूच्या परड्याकडे वळली. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "विषुववृत्त तकडे हा." मीही ते गंमत म्हणून सोडून दिलं.

देवळातून परत आल्यावर ताईला विचारलं, ते खरंच रागावले होते का. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांत मी त्यांना ओळखलंच नाही. "राग? जाणारो माणूस बापडो संकटात पडता, ह्येंच्याशी बोलाचा की नाय म्हणान. तेका तरास नको, मी बगनय नाय तर तो गपचूप जायत... असा म्हणत." ती आत गेली.

मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. समोर काजूची झाडं, त्यांच्यापलीकडे सड्याची कड, दुसरं काही नाही. पाठीमागून रस्ता जातो. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. पायातल्या चपला, सायकलची साखळी, बायकांचं बोलणं. तासभर मी बसून होतो. वाटेनं येणारा प्रत्येक जण बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकापाशी, आला की पावलं मंद व्हायची, क्षणभर थांबायची... आणि मग पुढे जायची. हे काही ते गेल्यावर सुरू झालेलं नसणार.